कुठून पाहिलात?

नगरमध्ये सिनेमावर बोलणारा माणूस शोधावा लागत नाही. टपरीवर, स्टँडवर, कटिंगच्या दुकानात तो भेटतोच. दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसणारा मात्र शोधूनही सापडत नाही, आणि चार-पाच जणांनी मिळून सिनेमावर पॉडकास्ट करायचा तर नेमका तोच लागतो. आम्ही पाच जण जमलो तेव्हा पाचही पहिल्या प्रकारातले होतो.

मी दिवसा जीएसटीची रिटर्नं भरतो आणि रात्री सिनेमावर ब्लॉग लिहितो. गणेश मतकरींचं ‘फिल्ममेकर्स’ हाती लागलं, तेव्हापासूनची ही खोड. मास्तर पारनेर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत. शनिवारी शाळा सुटल्यावर वर्गाच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून पोरांना सिनेमे दाखवतात आणि पोरं काय म्हणाली ते लिहून काढतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला राहून त्यांनी फिल्म ॲप्रिसिएशनचा कोर्स केलाय, त्यामुळे शॉट, लेन्स आणि दिग्दर्शकाची दृष्टी ही खाती त्यांच्याकडं. ताई एका खासगी दवाखान्यात नर्स आहेत. नाइट ड्यूटीत पेशंट झोपले की मोबाइलवर सिनेमा पाहायचा आणि सकाळी घरी जाताना त्यावर चार ओळी टाकायच्या, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललंय. पोरगा पाथर्डी तालुक्यातल्या वाडीवरचा. आईवडील ऊसतोडीला जायचे, हा आजीजवळ राहून शिकला आणि पुढं न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन अभ्यासाला आला. आता लग्नांची शूटिंग करतो, घर चालवतो, तरी आमच्यात वयानं लहान म्हणून ‘पोरगा’च. पाचवे काका. शहरातल्या एका टॉकीजमध्ये त्यांनी उभी हयात ऑपरेटर म्हणून काढली. ते काही लिहीत नाहीत. मास्तरांनी त्यांना “नुसतं बसायला या” म्हणून आणलं आणि ते येऊन बसले.

मराठीत सिनेमावरचे पॉडकास्ट आता कमी नाहीत. ‘मित्रम्हणे’मध्ये सौमित्र पोटे नट-दिग्दर्शकांना समोर बसवून निवांत बोलतं करतात. आमच्याकडं नट येणार नव्हते. आमच्याकडं प्रेक्षक तेवढे होते, तर प्रेक्षकांनाच बोलतं करू, असं ठरलं. सुरुवातीला कुठून बोलतोय ते सांगायची वेळ आली तेव्हा २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालेलं होतं. कागदावर ते लिहितो, तोंडात मात्र नगर येतं. दोन्ही चालू द्यायचं ठरलं आणि तो वाद तिथंच मिटवला.

पहिला खरा वाद आवाजाशी झाला. सावेडीत मास्तरांच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती. रिकाम्या खोलीत बोललं की भिंतीवरून आवाज परत येतो आणि रेकॉर्डिंग मोरीत बसून केल्यागत वाटतं. मग मास्तरीणबाईंनी लग्नातल्या गाद्या काढून दिल्या, त्या भिंतीला उभ्या केल्या. दारावर गोधडी टाकली. कपड्यांचं कपाट उघडं ठेवलं, कारण लटकलेले कपडे आवाज छान शोषून घेतात. पंखा बंद. एप्रिल-मेमध्ये नगरला वरच्या मजल्यावर पंखा बंद करून दीड तास ‘पथेर पांचाली’वर बोलणं ही काय चीज आहे, हे केल्याशिवाय कळायचं नाही. एवढं करूनही बाहेरचं जग आत येतंच. लग्नसराईतला डीजे, भंगारवाल्याची गाडी, एखाद्या दिवशी खारे कर्जुनेच्या बाजूचा धप्प असा आवाज. तिकडं लष्कराची के. के. रेंज आहे. रणगाड्यांचा सराव सुरू असला आणि वारा तिकडून असला, की आमचं वाक्य अर्ध्यावर थांबतं. युद्धपटावर बोलताना तो आवाज आला तेव्हा मी तो काढला नाही. ऐकणाऱ्यांना वाटलं, मुद्दाम टाकलाय.

आधी मधोमध एकच कंडेन्सर माइक ठेवला होता. तो इतका तल्लख की काकांच्या बशीचा आवाज आणि खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी एकाच इमानानं टिपायचा. पाच जणांचं बोलणं एकाच ट्रॅकवर असलं आणि दोघं एकदम बोलले, की मग ते वेगळं करता येत नाही. म्हणून हळूहळू प्रत्येकाला वेगळा डायनॅमिक माइक आला. तो जवळचंच ऐकतो. तोंडापासून चार बोटांवर धरायचा, सरळ समोर न धरता जरा बाजूला, नाहीतर ‘प’ आणि ‘भ’ला फुंकर बसते. मराठी सिनेमावर बोलताना ‘प्रेक्षक’, ‘पडदा’, ‘भूमिका’, ‘फ्लॅशबॅक’ हे शब्द टाळता येत नाहीत, म्हणजे फुंकर जागोजागी. रेकॉर्डिंग सुरू झालं की मी मोठ्यांदा एक टाळी वाजवतो. सगळ्या ट्रॅकवर तिचं एकच उंच टोक उठतं आणि त्यावरून ट्रॅक जुळवता येतात. शूटिंगला क्लॅप देतात ते याचसाठी, चित्र आणि आवाज जुळावा म्हणून. काकांना ही टाळी फार आवडते. ती झाली की ते सावरून बसतात.

गाणी आणि संवाद वाजवायचे नाहीत, हा आमचा नियम. हक्कांच्या भानगडीत पडायची ऐपत नाही हे एक, आणि वाजवता येत नाही म्हटल्यावर सांगावं लागतं हे दुसरं. पडद्यावर काय होतं ते अशा माणसाला सांगायचं, ज्याच्यापुढं पडदा नाही. “अप्रतिम सीन आहे” म्हणून सुटता येत नाही. कोण कुठं उभं आहे, उजेड कुठून येतोय, कॅमेरा हलला का, कोण आधी बोललं, हे क्रमानं मांडावं लागतं. मास्तरांना हे मुळातच जमतं. पोरांना फळ्याविना भूगोल शिकवून तयार झालेली जीभ आहे ती.

मतांचं मात्र वेगळं होतं. सुरुवातीला प्रत्येक जण घरून मत घेऊन यायचा. ती मतं ऐकायला बरी असायची, पण पाचही थोडीफार एकसारखी, कारण सगळ्यांनी तीच परीक्षणं वाचलेली आणि त्याच मुलाखती पाहिलेल्या. पटकथा उत्तरार्धात ढिली पडते, छायाचित्रण देखणं आहे, अमुकाचं काम लक्षात राहतं. काका गप्प. एकदा ताईंनीच त्यांना विचारलं, “काका, तुम्ही एवढे सिनेमे पाहिले, तुम्ही बोला की काहीतरी.”

काका म्हणाले, “ताई, मी सिनेमा पाह्यला नाही. चालवला.”

मग ते केबिनबद्दल बोलायला लागले. भिंतीत हातभर चौकोनी झरोका, त्यातून दिसेल तेवढा पडदा. शेजारी मशीनची घरघर. आवाजासाठी केबिनमध्ये छोटा स्पीकर असायचा, पण मशीनपुढं त्याचं काही चालायचं नाही. संवाद कानांवर अर्धेमुर्धे पडायचे. कार्बनच्या दोन कांड्या जळून उजेड पडायचा, त्या झिजतील तशा पुढं सरकवत राहायच्या, नाहीतर पडदा पिवळा पडतो. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका येतो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, दुसऱ्याला पडदा तिकडं द्यायचा. पब्लिकला पत्ता लागता कामा नये. “तुम्ही हिरॉइनकडं बघता, मी कोपऱ्याकडं बघतो,” काका म्हणाले. “अजून टीव्हीवर जुना पिक्चर लागला की नजर तिकडंच जाते.”

आणि झरोक्यातून त्यांना आणखी एक गोष्ट दिसायची: माणसांची डोकी. कुठल्या जागी डोकी हलतात, कुठं पुढं झुकतात, कुठल्या गाण्याला माणसं विडी ओढायला उठतात. एखाद्या सिनेमाचं संगीत गाजलेलं असावं आणि काकांनी सांगावं, “तिसऱ्या गाण्याला निम्मी स्टॉल रिकामी व्हायची.” या माहितीला कुठल्या पुस्तकात आधार नाही.

त्या दिवसापासून आमचा पहिला प्रश्न ठरला. सिनेमा आवडला का, हे नंतर. आधी सांगायचं, कुठून पाहिलात? टॉकीजमध्ये की मोबाइलवर, पुढं बसून की बाल्कनीत, कुणाबरोबर, कितव्या वर्षी, सलग की तुकड्या-तुकड्यांनी.

याचा खरा उपयोग ‘सैराट’च्या वेळी कळला. २९ एप्रिल २०१६ ला तो प्रदर्शित झाला. अजय-अतुलनी त्याचं संगीत थेट लॉस एंजेलिसला जाऊन मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलं होतं, आणि नगरच्या प्रत्येक वरातीत तेव्हा दुसरं काही वाजत नव्हतं. आता त्याचा शेवट आठवा. हैदराबादेतल्या त्या घरात आर्ची आणि परशा पडलेले आहेत, लहानगा शेजारणीबरोबर परत येतो, आत जातो आणि बाहेर येतो तेव्हा फरशीवर रक्ताची पावलं उमटतात. त्या सगळ्यात आवाज नाही. एवढ्या गाजावाजाच्या संगीताचा सिनेमा शेवटी मुका होतो.

ताईंनी तो कसा पाहिला ते सांगितलं. नाइट ड्यूटी, कानात इअरफोन, वॉर्डातल्या एका पेशंटच्या सलाइनवर एक डोळा. दोन रात्रीत मिळून त्या शेवटाला आल्या आणि आवाज गेला. त्यांना वाटलं इअरफोन गेला. त्यांनी पिन काढून पुसून परत घातली, मग फोनचा आवाज वाढवला. तोवर वॉर्डातल्या मॉनिटरची टिकटिक ऐकू यायला लागली आणि पडद्यावर पोरगं रडायला लागलं, तेही आवाजाविना. “मी तशीच उठले आणि सगळ्या बेडवरून फिरून आले. प्रत्येकाची नाडी बघितली. कुणाला काही झालेलं नव्हतं,” ताई म्हणाल्या.

काका त्या वेळी नोकरीवरच होते. जुनी मशीन जाऊन सर्व्हर आलेला होता, रीळ नव्हतं, कार्बन नव्हता, पण आवाजाची जबाबदारी होती. ते म्हणाले, “आपल्याकडं आवाज गेला की पब्लिक दोन सेकंद थांबत नाही. शिट्ट्या, खुर्च्यांचे दणके, ‘ए ऑपरेटर’ म्हणून आईबहिणीवरून. पहिल्या शोला आवाज गेला तेव्हा मला वाटलं, गेली आपली नोकरी. मी वायरी चाचपतोय आणि खालून काहीच येईना. मी झरोक्यातून वाकून बघितलं. एक डोकं हलत नव्हतं.”

मास्तरांनी मग त्या प्रसंगाच्या रचनेवर, कॅमेऱ्याच्या अंतरावर जे सांगितलं तेही चांगलंच होतं. पण त्याआधी दोन माणसांनी वेगवेगळ्या ठिकाणी बसून एकाच शांततेला घाबरल्याचं सांगितलेलं होतं, त्यामुळे मास्तरांचं विवेचन कशाबद्दल आहे ते कळत होतं. ऐकताना आणखी एक ध्यानात आलं. सिनेमात मिनिटभर आवाज बंद ठेवता येतो, कारण डोळ्यांना काम असतं. पॉडकास्टमध्ये चार सेकंद कुणी बोललं नाही, तर ऐकणारा फोन हलवून बघतो. म्हणून शांतता दाखवायची तर आम्हाला ती बोलूनच दाखवावी लागते.

‘सैराट’ आणि ‘फँड्री’ करणाऱ्या नागराज मंजुळे यांचं नाव आमच्याकडं पुन्हा पुन्हा येतं, त्याला कारण आहे. ते नगरच्या न्यू आर्ट्समध्ये संज्ञापन अभ्यास शिकले. २०१० मधल्या त्यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘ख्वाडा’ करणारे भाऊराव कऱ्हाडे त्याच विभागातून पुढं आले. त्यांनी सिनेमासाठी जमीन विकली. पोरगा त्या विभागात गेला तो ही नावं ऐकून. आजीला त्यानं सांगितलं होतं, “मोबाइलवर पिक्चर काढायचं शिकवत्यात.” आजीनं विचारलं, “मग तुला पगार कोन देनार?” हा प्रश्न आमच्या एका भागाचा मथळा झाला.

‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ ला आला. त्यावरचा आमचा भाग सगळ्यात लांब आहे आणि तो दोनदा बसून पूर्ण केला. अडलो ते डुक्कर पकडण्याच्या प्रसंगाशी. नायक जब्याचं कुटुंब डुकरामागं धावतंय, डुक्कर हाताशी आलंय, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो, मग घरचे सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर आरामात निघून जातं. मास्तर यावर तयारी करून आलेले होते. विनोद आणि वेदना एकाच चौकटीत कशी बसवली आहे, यावर ते बोलले. मग नेमाप्रमाणे मी विचारलं, “मास्तर, तुम्ही हा प्रसंग कुठून पाहिलात?”

मास्तर म्हणाले, “पुण्यात, मल्टिप्लेक्समध्ये.” मग जरा थांबून म्हणाले, “खरं सांगायचं तर मी तो शाळेच्या पटांगणातून पाहिला. रोज सकाळी राष्ट्रगीत सुरू झालं की माझी नजर पोरांच्या हातांवर असते. कोण हलतंय, कोण खाजवतंय. कंपाउंडच्या बाहेर त्या वेळी कोण उभं राहिलंय, ते मी नोकरी लागल्यापासून बघितलेलं नाही.”

पोरगा म्हणाला, “आमी बाहीर असायचो सर. शाळंला उशीर झाला की गेट बंद. मग बाहीरच उभं ऱ्हायचं, सावधान. आत असलेल्यांपेक्षा ताठ.”

तिथून बोलणं खर्ड्याकडं गेलं. जायचंच होतं. ‘फँड्री’ प्रदर्शित झाल्यावर अडीच महिन्यांत, २०१४ च्या एप्रिलअखेरीस, आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढ्या संशयावरून. आदल्याच वर्षी सोनईत तीन दलित तरुणांचे खून झालेले होते. खर्ड्याच्या खटल्यातले आरोपी नोव्हेंबर २०१७ मध्ये निर्दोष सुटले. मास्तरांचं म्हणणं, हे आपल्या कार्यक्रमात नको. आपण सिनेमावर बोलतो, कोर्टाच्या निकालावर बोलायचा आपला अधिकार नाही. ताईंचं म्हणणं, बोललो नाही तर लोक म्हणतील, नगरला बसून ‘फँड्री’वर दीड तास बोलले आणि शेजारच्या तालुक्याचं नाव घेतलं नाही. पोरगा तेवढंच म्हणाला, “तो माझ्या वयाचा व्हता. जब्या पन. मला ह्या दोन गोष्टी येगळ्या करून पाहता येत नाहीत. तुमाला येत असतील तर तुमी पाहा.”

त्या रात्री रेकॉर्डिंग तिथंच थांबवलं. पुढच्या बैठकीत असं ठरलं की गाव, साल, वय आणि कोर्टात काय झालं एवढंच सांगायचं, विशेषण एकही लावायचं नाही, कुणाच्या वतीनं निकाल द्यायचा नाही. ते मास्तरांनीच वाचावं, असं पोरगा म्हणाला आणि मास्तरांनी वाचलं. सिनेमाच्या शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ कॅमेऱ्यावर, म्हणजे बघणाऱ्यावर येतो. त्या दगडावर आमच्याकडं वेगळी चर्चा झाली नाही. कोण कुठं बसलं होतं ते आधीच सगळ्यांनी सांगून टाकलेलं होतं.

प्रत्येक भाग इतका जड नसतो. सदाशिव अमरापूरकरांवरच्या भागाला खोलीत हसून हसून गाद्या पडल्या. ते नगरचे, जन्म १९५० चा. त्यामुळे नगरमध्ये प्रत्येकाकडं त्यांचा एक किस्सा आहे आणि प्रत्येक किश्शात सांगणारा त्यांच्या शेजारी बसलेला आहे. आम्ही ऐकीव किश्शांना बंदी घातली. पडद्यावर दिसतं तेवढंच बोलायचं. ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी १९८३ चा. व्हिलनला आरडाओरडा करावा लागत नाही, हे हिंदी सिनेमाला दाखवणारं काम. त्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. ‘सडक’मधली तृतीयपंथी महाराणी १९९१ ची, फिल्मफेअरनं खलभूमिकेचा पुरस्कार सुरू केला तो पहिल्यांदा त्यांनाच. काका सांगत होते, महाराणीच्या एंट्रीला शिट्ट्यांनी केबिनची काच हलायची, आपल्या गावचा माणूस म्हणून जरा जास्तच.

ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “काम मोठंच आहे. पण आमच्याकडं एकदा एक तृतीयपंथी पेशंट ॲडमिट झाली. ताप होता नुसता. शेजारच्या बेडच्या नातेवाइकांनी पडदे ओढले आणि वॉर्डात कुणीतरी म्हणालं, ‘महाराणी आली.’ ती पेशंट चार दिवस त्या नावानं ओळखली गेली. मला तो सिनेमा तिच्या बेडशेजारून दिसतो.” आता गावच्या नटाचा अभिमान आणि हे, दोन्ही एकाच भागात ठेवायचं कसं? आम्ही ते एकमेकांपुढं तसंच ठेवलं. काकांची शिट्टी आधी, ताईंचा बेड नंतर. कुणी कुणाला खोडलं नाही. त्या भागावर ऐकणाऱ्यांची नाराजी सगळ्यात जास्त आली आणि तोच भाग सगळ्यात जास्त ऐकला गेला.

एक भाग निव्वळ हौसेखातर केला. एप्रिल १९१८ मध्ये नगरला दोन मुलं जन्मली. एक शाहू मोडक, मराठी ख्रिस्ती घरातला. पुढं तो पडद्यावर इतक्या वेळा कृष्ण झाला की लोक त्याला नमस्कार करायचे. प्रभातच्या ‘माणूस’मधला पोलीस तोच आणि १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’मधले ज्ञानेश्वरही तोच. ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या नेवाशाच्याच जिल्ह्यातलं हे ख्रिस्ती पोर. दुसरा मुलगा स्पाइक मिलिगन, वडील ब्रिटिश फौजेत. त्यानं पुढं बीबीसीवर ‘गून शो’ लिहिला, १९५१ ते १९६० या काळात. तीन-चार मित्र माइकपुढं उभे राहून नुसत्या आवाजांवर अख्खं जग उभं करायचे. मास्तर म्हणाले, म्हणजे आपल्या धंद्याचा मूळपुरुष नगरचाच निघाला. पोरगा म्हणाला, “त्येंना पंखा चालू ठिवता येत असंल.”

एडिटिंग माझ्याकडं. रविवारी सकाळी हेडफोन लावून बसतो. स्क्रीनवर प्रत्येकाच्या आवाजाची डोंगररांग उमटलेली असते. मास्तरांची सलग पठारासारखी, काकांची लांब मोकळ्या जागेनंतर एकदम सुळका. बघूनच कळतं कोण बोलतंय. खोकला, बशी, “म्हंजे कसं”, एकाच मुद्द्याची तिसरी आवृत्ती हे काढतो. बोलीला हात लावत नाही. पहिल्यांदा पोरग्यानं मला विचारलं होतं, “माझं शुद्ध करनार का?” तो ‘शुद्ध’ बोलायला लागला की सावध होतो आणि सावध झाला की इतरांसारखंच बोलतो, मग त्याचा माइक मांडून उपयोग काय?

ऐकणारे कोण, ते त्यांच्या व्हॉइस नोटवरून कळतं. नगर-पुणे रोज करणारा एक जण म्हणतो, भाग शिरूरला सुरू केला की वाघोलीत संपतो, वाघोलीत अडकलं तर दोन होतात. शेतीची लाइट रात्रीची असते, त्यामुळे दारं धरताना ऐकणारे बरेच आहेत. त्यातलाच एक ‘ख्वाडा’च्या भागावर बोलला. त्या सिनेमाला ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळालाच, शिवाय शूटिंगच्या जागी टिपलेल्या आवाजासाठी महावीर साबण्णवार यांनाही पुरस्कार मिळाला. आम्ही माळावरच्या मेंढरांच्या आवाजाचं भरपूर कौतुक केलं होतं. हा गडी स्वतः मेंढपाळाच्या घरातला. तो म्हणाला, “तुमी समद्या वरडन्याला एकच आवाज म्हनता. कोकरू चुकलंय का भुकेलंय, ते आमाला वरडन्यावरनं कळतं. त्या पिच्चरमदी दोन्ही हायेत. परत ऐका.” आम्ही परत ऐकलं, पाचही जणांनी हेडफोन लावून. फरक मास्तरांना आणि मला कळला नाही, पोरग्याला कळला. ती व्हॉइस नोट पुढच्या भागाच्या सुरुवातीला जशीच्या तशी लावली.

यातून पैसे मिळत नाहीत. माइकचे पैसे वर्गणीनं निघाले, चहा मास्तरीणबाईंचा. पण माझ्या लिहिण्यात एक बदल कायमचा झाला. पूर्वी मी परीक्षणाच्या शेवटी तारे द्यायचो, साडेतीन, अडीच असे, जणू ते मोजायला माझ्याकडं शासनमान्य वजनमाप आहे. आता देत नाही. आता पहिल्या ओळीत लिहितो: सिनेमा कुठं पाहिला, कुणाबरोबर, कितव्या रांगेत, मध्ये किती वेळा फोन बघितला. पुढचं माझं म्हणणं किती मानायचं, ते वाचणाऱ्यानं त्यावरून ठरवावं.